सालेह चाऊसची फळी

जालन्याच्या जिनात नोकरीला लागलो त्या पहिल्याच दिवशी फाटकावरच्या माणसाने माझी झडती घेतली आणि माझ्याकडची एक काडी जप्त केली. काडीपेटी नव्हे, एक काडी. विडी मी तेव्हाही ओढत नव्हतो. पण काडीचं मागचं टोक दाताखाली धरून चावत बसायची मला शाळेपासूनची खोड होती. मास्तरांनी मारून गेली नाही, वडिलांनी बोलून गेली नाही.

"काडी काढा."

"अहो, एकच आहे. चावायला ठेवलीय."

"जिन जळायला एकच लागती," तो म्हणाला आणि हात पुढे करून उभा राहिला.

उंच माणूस. दाढी मेंदीने लाल केलेली, नेसणीला रंगीत लुंगी, कमरेला चार बोटं रुंद चामडी पट्टा आणि पट्ट्यात वाकडा जंबिया. निजामाच्या राज्यात हा खंजीर दिसला की माणूस अरब हे सांगावं लागत नसे. यांचे बाप-आजे पलटणीत भरती व्हायला समुद्रापलीकडून आले, पलटणी मोडल्या, आणि पोरं-नातवंडं गावोगाव दारांवर पहारे करत राहिली. लोक त्यांना चाऊस म्हणत. आमच्या जिनाच्या फाटकावरचा हा सालेह चाऊस. त्याच्यापुढे वाद घालण्यात अर्थ नाही हे मला पहिल्या मिनिटालाच कळलं. मी काडी दिली.

संध्याकाळी बाहेर पडताना त्याने ती परत केली. मी थट्टेने विचारलं, "हीच माझी कशावरून?"

"हिला दात लागलेले हायत. दुसऱ्या कोणाच्या काडीला दात न्हाईत. जिनात शिकलेले लोक कमी," तो म्हणाला. चेहऱ्यावर हसू अजिबात नव्हतं.

जिन म्हणजे कापसातून सरकी आणि रुई वेगळी करायचा कारखाना. आत रुईचे डोंगर, हवेत कापसाचे तंतू, आणि एक ठिणगी पडली तर दोन तासांत राख. म्हणून आत येणाऱ्या प्रत्येकाकडून काडीपेटी, विडी, चिलीम, चकमक काढून घ्यायची हे सालेहचं काम. फाटकाशेजारच्या खोलीत त्याने सागाची एक लांब फळी ठोकली होती. तिच्यावर पेट्या ओळीने मांडलेल्या असत. हंगामात जाफराबादच्या, राजूरच्या, भोकरदनकडच्या गाड्या पहाट फुटायच्या आत रांग लावत. एकेका दिवशी शंभर माणूस आत-बाहेर करी. बिल्ला नाही, चिठ्ठी नाही, आणि पेटी मात्र ज्याची त्यालाच. तेव्हा लढाई चालू होती, काडीपेटी औषधालासुद्धा मिळत नव्हती, त्यामुळे प्रत्येकाचा जीव आपल्या पेटीत. अशा दिवसांतही सालेहच्या हातून एका पेटीची अदलाबदल झाल्याचं मी ऐकलं नाही.

"चाचा, एवढे चेहरे लक्षात कसे राहतात?" मी एकदा विचारलं.

"चेहरे? चेहरे न्हाई राहत बिलकुल. मी बैल पाहतो. हा एक शिंग मोडलेल्याचा, हा पांढऱ्या पोटाच्या खोंडाचा. माणूस रोज येगळं तोंड करून येतो, मुन्शीजी. बैल येकच तोंड घेऊन येतो."

मला तो मुन्शीजी म्हणे, कारण जिनाचा उर्दू पत्रव्यवहार माझ्याकडे होता. कचेऱ्यांची भाषा तेव्हा उर्दू; घरात मराठी बोलणारा, उर्दूत अर्ज लिहिणारा आणि मोडकंतोडकं इंग्रजी जाणणारा माणूस शेठना हवा होता, तो मी. माझ्या या लिहिण्याचा मला ताठा होता. समोरचा जे सांगेल ते शब्दाला शब्द लावून उतरवायचं, पदरचं काही घालायचं नाही, अशी माझी शिस्त. सालेहला हे आवडे. "तुमी कागदाचे चाऊस," तो म्हणे, आणि मी खूष होई. आज तो शब्द आठवला की खूष होत नाही.

त्याच्या नियमाला लहान-मोठा दिसत नसे. एकदा खुद्द शेठ मोटारीतून सिगारेट पेटलेलीच घेऊन उतरले. सालेहने फाटक उघडलं नाही. शेठ लाल झाले, म्हणाले, "अरे, कारखाना माझा आहे."

"म्हणून तर," सालेह म्हणाला. "माझा असता तर मी जाऊ दिलं असतं."

त्या दिवसापासून शेठ सिगारेट मोटारीतच विझवू लागले.

दुपारची सुट्टी झाली की मी त्याच्या खोलीत जाऊन बसे. तो सुंठ घातलेली काळी कॉफी करी, तिला दूध लावू देत नसे, आणि मग हद्रमौतच्या गोष्टी काढी. हद्रमौत म्हणजे अरबस्तानच्या दक्षिणेचा त्याचा मुलूख. तिथं मातीचीच पण सात-सात मजल्यांची घरं. खजुराची झाडं अशी, की एका झाडावर एक कुटुंब वर्षभर खातं. पाण्याला अशी गोडी की साखर कशाला. आमच्या कुंडलिकेकडे हात करून तो म्हणे, "हे काय नदी म्हणून दाखवून राह्यले तुमी? आमच्याकडं नदी न्हाईच, तरी येवढे खजूर." हा युक्तिवाद मला कधी उलगडला नाही, पण सांगताना त्याचा आवाज असा मऊ येई की मी मान डोलावत असे. वाड्यांच्या दारांवरचं नक्षीकाम, बापाच्या घरासमोरची विहीर, विहिरीवरचा चामड्याचा पोहरा, सगळं तो बोटांनी हवेत काढून दाखवी.

हे सगळं त्याने कधीही पाहिलेलं नव्हतं.

मला ते त्याच्या बायकोने सांगितलं. मेहरूनभाभी परतूरची, बोलायला आमच्या बायकांइतकीच मराठी. एका शुक्रवारी त्यांच्या घरी जेवायला गेलो होतो. सालेह हात धुवायला उठला तशी ती पदरात तोंड धरून हसायला लागली.

"कशाचं हद्रमौत, भाऊ! ह्ये हितंच, कदीम जालन्यात पैदा झाले. सासू माझी परतूरचीच. सरूबाई सुईण अजून जित्ती हाय, तिनंच काढलं यांना. सासरे तेवढे तिकडून आल्ते. आन् ह्ये एकदा मनमाडपस्तोर गेल्ते, तर तिथलं पाणी बाधलं म्हणून तिसऱ्या दिशी घरी!"

"मग ते सांगतात ते?"

"बापानं सांगितलेलं सांगून राह्यले." तिचं हसू ओसरलं. मग तिने आवाज बारीक करून मला समजावलं. अरबांत दोन पंगती. तिकडे जन्मलेला तो खरा; इकडच्या आईच्या पोटी इथे जन्मला तो मुवल्लद, म्हणजे भेसळीचा. बैठकीत मुवल्लदाला दाराजवळ बसवतात, कॉफीचा पेला शेवटी देतात. सालेहचा बाप लवकर गेला, लहानपणापासून हा पेला याने शेवटी घेतला. मोठेपणी, जुने लोक मरून गेल्यावर, याने हळूहळू आपला जन्मच तिकडे हलवला. "कोणी इचारलं मुलूख कोणता, तर येकच जवाब. मला बी घरात तोच जवाब. तुमी मालूम न्हाई असंच दाखवा, भाऊ. मरतील नाही तर लाजंनं."

मी मालूम नसल्याचंच दाखवलं. पुढे सहा वर्षं त्याच्या विहिरीच्या गोष्टी ऐकल्या.

गावात त्याचं कोण होतं म्हणाल तर हे असं. मुसलमान वस्तीत तो अरब, अरबांत मनातल्या मनात चोर, आणि आम्हा हिंदूंना नुसता दारावरचा चाऊस. हसण्याबोलण्यात हे दिसत नसे. पण एकदा मी कॉफीचा पेला चुकून आधी त्याच्यापुढे सरकवला, तेव्हा तो क्षणभर पेल्याकडे बघत राहिला होता. नंतर मी मुद्दाम रोज तसं करू लागलो.

अठ्ठेचाळीस साल उजाडलं आणि गावाची हवा फिरली. निजामाच्या बाजूची खाकीतली पोरं बंदुका घेऊन हिंडू लागली. मी निजामाविरुद्धच्या स्टेट काँग्रेसच्या दोन सभांना गेलो होतो, तेवढ्यावरून माझं नाव कुणीतरी दिलं. एका दुपारी सहा जण जिनाच्या फाटकावर आले. मी माडीवरच्या खिडकीतून पाहत होतो.

"मुन्शी कुठंय?"

"हाय आत. आधी काड्या काढा," सालेह म्हणाला.

त्यांचा पुढारी खेकसला, तू मुसलमान असून आम्हाला अडवतोस? सालेह म्हणाला, "रुईला मजहब न्हाई. काड्या." सहा जणांच्या खिशातून एकेक पेटी, एकेक सिगारेट निघाली. सालेहने प्रत्येक पेटी उघडून पाहिली, फळीवर मांडली, सरळ केली, पुन्हा सरळ केली. तेवढ्या वेळात मी मागच्या सरकीच्या खिडकीतून उतरून रेल्वेलाइनच्या बाजूने निघून गेलो. महिनाभर एका नातेवाइकाकडे परतूरला राहिलो.

परत आल्यावर त्याचे पाय धरायला गेलो तर तो चिडला. "तुमच्यासाठी न्हाई केलं काही. रोज करतो तेच केलं. त्या लोकांच्या पेट्या बी बराबर परत दिल्या मी." हे खरं होतं. पण रोज तो पेटी दोनदा सरळ करत नसे.

मग हिंदुस्थानच्या फौजा आल्या. आम्ही फौजेला हार घातले, साखर वाटली. मीही वाटली. चौथ्या दिवशी एक लष्करी ट्रक जिनासमोर थांबला. अरब तेवढे गोळा करायचा हुकूम होता. शिपाई आत शिरू लागले तर सालेह आडवा झाला आणि म्हणाला, काड्या काढा. शिपाई पोटभर हसले. मग त्यांनीच त्याचा जंबिया काढून घेतला. त्याने खोलीला कुलूप घातलं, किल्ली जिनाच्या जमादाराच्या हातात दिली आणि ट्रकमध्ये चढला. मी पुन्हा त्याच खिडकीत होतो. खाली उतरावंसं वाटलं, पण उतरलो नाही.

आठ दिवसांनी मला बोलावणं आलं. उर्दू, मराठी आणि थोडं इंग्रजी येणारा माणूस छावणीत हवा होता. गावाबाहेर एका गोदामाभोवती काटेरी तार लावून तिथे अडीच-तीनशे अरब ठेवले होते. निंबाखाली टेबल मांडलं होतं. माझ्यापुढे तीन रकान्यांचा कागद: नाव, बापाचं नाव, मुलूख. अधिकाऱ्याने मला आधीच सांगितलं होतं की, जन्म इथला निघेल त्याला चौकशी करून सोडू. बाहेरचा असेल तो मुंबईहून बोटीने परत जाईल. "पण हे त्यांना सांगायचं नाही. फक्त विचारायचं, सांगतील ते लिहायचं." नेमकं जे मला उत्तम जमत होतं ते.

दुपारी सालेह समोर आला. दाढीची मेंदी उतरून बुंध्याला पांढरे केस आले होते, आणि कमरेला पट्टा होता पण जंबिया नसल्यामुळे माणूस एका बाजूला कलल्यासारखा वाटत होता. मला पाहून त्याचा चेहरा फुलला. त्याने पट्ट्याच्या आतून काहीतरी काढलं आणि टेबलावर ठेवलं. दात लागलेली काडी.

"ट्रक आला त्या दिशी द्यायची राहून गेल्ती. जल्दीत आलो ना."

मी नाव लिहिलं, बापाचं नाव लिहिलं.

"मुलूख?"

त्याच्या मागे चार हातांवर त्यांचा म्हातारा शेख जमिनीवर बसला होता, खरोखर हद्रमौतमध्ये जन्मलेला. बैठकीत पहिला पेला घेणारा. रांगेतले सगळेच ऐकत होते. सालेहने मान ताठ केली.

"हद्रमौत."

"चाचा, नीट आठवून सांगा. जन्म कुठला?"

"सिर्फ पूछो, मुन्शी. सिखाओ मत," मागून अधिकारी म्हणाला.

सालेहने माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं असेल की हाही आता मला दाराजवळ बसवायला निघाला. "तुमाला म्हायती न्हाई व्हय? येवढ्या गोष्टी सांगितल्या," तो मोठ्याने म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "लिव्हा. हद्रमौत."

मी लिहिलं. अक्षर नेहमीसारखं वळणदार आलं.

"वाचून दाखवा," तो म्हणाला. मी वाचून दाखवलं. त्याने समाधानाने मान हलवली आणि रांगेतून बाजूला झाला.

मी तेव्हाच पेन खाली ठेवून उठायला हवं होतं, ओरडून सांगायला हवं होतं की हा माणूस जालन्याचा आहे, याला मनमाडचं पाणीसुद्धा सोसत नाही. अधिकाऱ्याने मला फार तर हाकलून दिलं असतं. पण सकाळीच त्याने मला विचारलं होतं की तू जिनात कुणाकुणाच्या उठण्याबसण्यातला. मी भ्यालो, आणि भीतीला शिस्तीचं नाव देऊन पुढच्या माणसाला हाक मारली.

मेहरूनभाभी दुसऱ्या दिवशी माझ्या दारात आली. कुणाकडून तरी तिला कळलं होतं की इथे जन्मलेल्यांना सोडून राह्यले. "भाऊ, अर्ज लिव्हा. सरूबाईचा अंगठा घेते मी." मी अर्ज लिहिला. आयुष्यात त्याहून चांगला अर्ज मी लिहिलेला नाही. सरूबाई नव्वदीची, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून आली, अंगठा उठवला आणि म्हणाली, "पायाळू व्हतं पोरगं. दोन दिवस अडली व्हती त्याची माय. मी कसं इसरीन?" एकामागून एक तीन अर्ज गेले. उत्तर आलं नाही. दरम्यान तो म्हातारा शेख छावणीतच हगवणीने मेला.

मुंबईला नेणारी गाडी सकाळची होती. स्टेशनवर शिपायांचं कडं होतं. कड्यातल्या एका ओळखीच्या जमादाराला विनवून मी आणि भाभी डब्यापर्यंत पोचलो. सालेह खिडकीशी होता. भाभीने भाकरी आणि जवसाच्या चटणीचं गठुडं दिलं. त्याने ते मांडीवर ठेवलं. मग तो माझ्याकडे वळून बारीक आवाजात म्हणाला, "मुन्शीजी, तिथं लोक अरबीतच बोलत असतील ना?"

"हो, चाचा."

"मला नमाजापुरती येती." त्याने गठुड्याची गाठ घट्ट केली. "बापाचं घर कोणत्या गावाला, ते बी इचारायचं राहून गेलं. मी लहान होतो."

सहा वर्षांत त्याने मला सांगितलेली ही पहिली खरी गोष्ट. इंजिनाने शिटी दिली आणि तो एकदम घाईला आला. "फळीवर एकवीस पेट्या राह्यल्यात. देऊन टाका. डावीकडून पहिली जाफराबादच्या मोडक्या शिंगवाल्याची. तिच्या बाजूची पांढऱ्या खोंडांच्या जोडीवाल्याची, राजूरचा हाय तो. तिसरी—" गाडी हलली. तो खिडकीतून बोटांवर मोजत सांगत राहिला, पाचवी, सहावी, आणि मी बरोबर चालत मान हलवत राहिलो. तिसरीपासून पुढचं काही ऐकू आलं नाही. भाभी फलाटावर बसून होती.

मी दोन पेट्या पोचवल्या. बाकीच्या एकोणीस कुणाच्या ते सांगणारं कुणी उरलं नव्हतं. हंगामात गाडीवाले येत, फळीकडे बघत, "आमची ही असंल" म्हणत, आणि मग खात्री नाही म्हणून तशीच ठेवून जात. पुढच्या पावसाळ्यात गूल विरघळून त्या सगळ्या एकमेकींना चिकटल्या.

अर्जाचं उत्तर आलं ते गाडी गेल्यावर वीस दिवसांनी. भाभीला वाचता येत नव्हतं. ती पाकीट न फोडता घेऊन आली, उंबऱ्याशी बसली आणि म्हणाली, "वाचा, भाऊ." चेहऱ्यावर आशा होती, तिला वाटलं, मुंबईत बोट अजून लागली नसेल.

मी वाचलं. सुईणीचा जबाब विचारात घेता येत नाही, कारण सदर इसमाने छावणीत स्वतःच्या तोंडाने आपला मुलूख हद्रमौत सांगितला असून तशी नोंद आहे.

ती म्हणाली, "त्ये तर तसंच सांगणार. वीस-तीस वर्सं तेच सांगून राह्यले ना." कागदाला तिने बोट लावलं. "पर लिवून घेणाऱ्यानं तरी इचारायचं. कोण होतं लिवायला?"

खोटं बोलता आलं असतं. छावणीत आम्ही तिघे कारकून होतो.

"मी होतो, भाभी."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. हिशेब चुकला की माणूस पुन्हा पहिल्यापासून बघतो, तसं ती माझ्याकडे पहिल्यापासून बघत होती.

"तुमाला तर मालूम होतं, भाऊ," ती म्हणाली. "मीच सांगितल्तं."

कागदाची घडी घालून ती उठली आणि पुन्हा माझ्या दारात आली नाही. महिन्याभरात घर बंद करून भावाकडे परतूरला गेली, आणि दोन वर्षांनी तिथेच वारली असं ऐकलं. सालेहची बोट लागली की नाही, लागली तर कुठे, त्याला उतरवून घ्यायला कुणी होतं की नाही, हे मला कधीच कळलं नाही. एक पत्र आलं नाही. तो लिहिणार तरी कसा. त्याची पत्रंही मीच लिहीत असे.